कुडाळची मसाला कांडप गिरणी: जिथे आधी मासा विचारतात, मग मिरची

वर्षाचा मसाला कुडाळात कुठे कुटून घ्यावा, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझी मालवणजवळ छोटी खानावळ आहे. बांगडा, सुरमई, कोलंबी, शनिवार-रविवारी कोंबडी-वडे. मसाला हीच आमची पुंजी, आणि तो मी कायम याच गिरणीतून कुटून आणते. गिरणीला नाव नाही. पत्र्याच्या शेडवर रंगाने ‘मसाला कांडप’ एवढंच लिहिलंय. आत डंखांची, म्हणजे मुसळाने कुटणाऱ्या यंत्रांची, रांग, कोपऱ्यात भाजायची मोठी कढई, आणि सगळं चालवणाऱ्या काकी.

काकी मिरचीची पिशवी उघडायच्या आधी विचारतात, “मसालो माशाक होयो काय कोंबड्याक?” या एका प्रश्नासाठी मी मालवणहून कुडाळला जाते. माशाचा म्हटलं की त्या खडा मसाला हात राखून घालतात, धणे थोडे वाढवतात, मसाला वेलची आणि जायफळ जवळजवळ बाजूला ठेवतात. कोंबडीचा म्हटलं की बडीशेप, दगडफूल, खसखस, चक्रीफूल यांना मोकळीक. बाकीच्या गिरण्यांत तुम्ही जे द्याल ते कुटून मिळतं. इथे तुमच्या पिशवीवर विचार होतो.

यंदा मी काकींना म्हटलं, थोडी लवंगी मिरची घालूया का? कारण माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत ‘एकदम तिखट द्या’ म्हणणारे वाढलेत. डोळ्यांत पाणी आलं नाही तर मालवणी जेवलोच नाही, असा त्यांचा समज. काकींनी पिशवीतली मिरची हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, “लवंगी कित्याक? मगे मासो खंय गावतलो?” म्हणजे, मग मासा कुठे सापडणार?

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि का पटतं तेही सांगते. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो, त्याला स्वतःचा वास नाही की चव नाही. आंबट-गोड जसं जिभेला कळतं तसं तिखट कळत नाही. चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, तोच कॅप्सेसिनने जागा होतो, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता. हाच ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. त्यामुळे तीच आमटी चुलीवरून उतरल्या उतरल्या जास्त झणझणीत लागते आणि निवली की मवाळ. मी वाढताना हे लक्षात ठेवते: नवख्या पाहुण्याला सार दोन मिनिटं थांबून.

मिरचीचा स्वाद आणि रंग मात्र सालीत आणि गरात. तिखट मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. लोक बियांना दोष देतात, पण बियांना तो तिखटपणा शिरेकडून लागतो. म्हणून काकी बेडगीवर एवढ्या अडून बसतात. सुरकुतलेल्या सालीची ही कर्नाटकातल्या ब्याडगीची मिरची. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद लाल, तिखट बेताचं. कालवणाला जो लाल तवंग येतो तो तिचा. माझं प्रमाण असं: किलोभर मिरचीत अर्धा किलो बेडगी, तीनशे ग्रॅम संकेश्वरी, दोनशे ग्रॅम गंटूर. गंटूर झणका देते, संकेश्वरी झणका आणि वास दोन्ही. लवंगी घातली असती तर झणका वाढला असता आणि बाकी काहीच नाही.

तिखटाचे आकडे हल्ली सगळे सांगतात, तर त्याबद्दल थोडं. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही मोजणी काढली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं व्हावं. बेडगी या मापाने साधारण आठ ते पंधरा हजार. आसामकडची भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढे. २००७ मध्ये गिनीज बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदलं होतं, पुढे इतर मिरच्यांनी तिला मागे टाकलं. पण हा आकडा चवीबद्दल अक्षरही बोलत नाही.

एका पाहुण्याने जाताना माझ्याकडे भूत जोलोकियाच्या सॉसची बाटली ठेवली. तळलेल्या बांगड्यावर काडीच्या टोकाने लावून मी खाल्ला. अर्धं मिनिट काही नाही, मग जीभ, टाळा, कान सगळं पेटलं, आणि पुढे कितीतरी वेळ भातही बेचव लागला. बांगड्याचा तो तेलकट गोडवा, ज्यासाठी आपण पहाटे बंदरावर जातो, तो कुठेच नव्हता. सरसकट सॉसला मी नावं ठेवत नाही. टबॅस्कोच बघा: मिरची, व्हिनेगर, मीठ, एवढ्यावर १८६८ पासून चाललंय. मिरचीचा लगदा ओकच्या पिंपात मुरवतात आणि त्या मुरण्याची चव थेंबाथेंबात लागते. तिखट बेडगीपेक्षाही कमी. उकडलेल्या अंड्यावर, कालवांवर छान. कोकमाच्या कालवणात मात्र नको, दोन आंबटांचं भांडण होतं.

तर गिरणीतलं काम. मिरच्या घरून कडक उन्हात वाळवून, देठ काढून न्यायच्या. मुठीत धरली की चुरचुरली पाहिजे. काकी त्या तेलाच्या हलक्या हाताने कढईत परततात, आणि रंग उजळला रे उजळला की उतरवतात. मग धणे, मग खडा मसाला, प्रत्येक वेगळा. डंखाचं लोखंडी मुसळ उखळीत पडायला लागतं तेव्हा पहिली पाच मिनिटं नुसता ठसका. सगळी रांग खोकते. मग धणे पडतात आणि वास गोलावतो. मग लवंग-दालचिनी वर येते. शेवटी हळद आणि हिंग. चक्कीत दळलेला मसाला गरम होऊन बाहेर येतो आणि त्या उष्णतेत वासाची तेलं उडून जातात. कुटलेला कोमटच राहतो आणि किंचित भरड. ती भरड कालवणात रस धरते. फार बारीक नको, हे आधीच सांगा, नाहीतर काकींचा मदतनीस चाळणीतून पुन्हा पुन्हा काढतो.

घरी आल्यावर मी नव्या मसाल्याची परीक्षा बांगड्याच्या तिखल्यावर घेते. यात ओलं खोबरं नाही, म्हणजे मसाल्याला लपायला जागाच नाही. लसूण, मसाला, हळद, कोकमं, ठेचलेली तिरफळं, वरून कच्चं खोबरेल. यंदाचं तिखलं असं लागलं: आधी कोकमाचा आंबटपणा, मग भाजल्या मिरचीचा धुरकट गोड वास, मग तिरफळाने ओठांना येणारी हलकी झिणझिण, तिखट सगळ्यांत शेवटी, घशाशी. आणि या सगळ्यात बांगडा बांगड्यासारखाच. पानावर पाणी मागितलं जात नाही, सोलकढी मागितली जाते. तेच बरोबर आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो.

आता तक्रारी, त्याही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाते आणि फोनवर नंबर लावून घेत नाहीत. गर्दीच्या दिवशी कढई मदतनिसाच्या हाती जाते आणि मिरची जास्त भाजली जाते. माझ्यापुढच्या बाईंची जवळपास काळी झाली होती. अशा मसाल्याला कडवटपणा येतो आणि तो कशानेही जात नाही. त्यामुळे आपली मिरची कढईत असताना हलू नका. दुसरं, उखळीच्या कडेला आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला राहतो. मूठभर धणे आधी कुटून काढून टाका म्हणावं, नाहीतर तुमच्या माशाच्या मसाल्यात कोणाची तरी बडीशेप येते. काकी चिडत नाहीत, पण मागितल्याशिवाय करतही नाहीत. खोकल्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरच्या बाकावरच बसावं.

कांडप यंदा किलोला ८० रुपये. चक्कीपेक्षा जास्त आहे आणि मला ते योग्य वाटतं. पूर्ण तयार मसालाही मिळतो, पण तो घेऊ नका. सगळ्यांना चालावा म्हणून त्यात गंटूर जास्त असते. ज्यांना खरंच झणझणीत हवं, त्यांनी लवंगीची वेगळी पूड करून छोट्या बाटलीत ठेवावी आणि आपापल्या ताटात घ्यावी. माझ्या खानावळीत आता तशी बाटली प्रत्येक टेबलावर आहे. कुडाळला जाताना सकाळी आठच्या आत पोचा, स्टीलचा कोरडा डबा न्या, आणि घरी आल्यावर मसाला पूर्ण निवू दिल्याशिवाय बरणीत भरू नका. भरताना तळाशी, मध्ये आणि वर हिंगाचे खडे.