जुना बीएस४ घोडा आणि ४० फुटी ट्रॉली: पावसाळा धरून वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी ४०१८ वर्गातली, बीएस४ म्हणजे धुराच्या जुन्या नियमाची. फोर बाय टू घोडा (ट्रॉली ओढणारा दोन ॲक्सलचा पुढचा ट्रक), मागे तीन ॲक्सलची ४० फुटी स्केलेटल ट्रॉली (नुसता सांगाडा, कंटेनर त्यावर ठेवायचा), म्हणजे लाइनच्या भाषेत १८ टायर. काम न्हावा शेवा बंदर ते चाकण-रांजणगाव, अधूनमधून कसारा चढून नाशिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे आहे ते या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीला लागू पडतं, आणि नाव आलं की चर्चा कुणाचं इंजिन भारी यावर घसरते. पहिली गाडी घेणारा इंजिनाचा आवाज ऐकत बसतो आणि त्याचे पैसे जातात टायरात, ट्रॉलीत, युरियात आणि कागदात.

आधी वजनाचं बघा, कारण भाडं त्यावर ठरतं. ४०१८ म्हणजे ढोबळमानाने ४० टन एकूण वजन आणि १८० हॉर्सपॉवर. जुलै २०१८ मध्ये ॲक्सलची मर्यादा वाढली: पुढचा ॲक्सल ६ वरून ७ टन, चार टायरचा मागचा १०.२ वरून ११.५, ट्रॉलीचे तीन मिळून २४ वरून २७. बेरीज ४०.२ वरून ४५.५ टनांवर गेली. त्याआधी पासिंग झालेल्या गाडीच्या आरसीवर जुना आकडा असू शकतो. विकणारा तोंडी काहीही सांगो, वजनकाट्यावर आरसीचाच आकडा धरला जातो. रिकामी घोडा-ट्रॉली १३-१४ टन भरते. ४०.२ मधून ते गेले की २६-२७ टन उरतात, आणि त्यातले पावणेचार-चार टन ४० फुटी कंटेनरचे स्वतःचेच. ओव्हरलोड सापडला तर २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. टाइल्स, मार्बल, स्क्रॅप ओढायचा विचार असेल तर ही गाडी घेऊच नका, सरळ २२ टायर बघा. ऑटो पार्ट, घरगुती उपकरणं, रिकामे कंटेनर यांना १८ टायर पुरतो. भरल्या गाडीला बोर घाट चढताना १८० हॉर्सपॉवर पुरे पडतात, पण घाई असलेल्या माणसाचं ते काम नाही.

टायर. १८ चालू आणि स्टेपनी वेगळी. रेडियल २९५/९०-२० नवा घ्यायला गेलं की वीस-बावीस हजारांच्या पुढेच. म्हणून सौद्याआधी प्रत्येक टायर खडूने नंबर टाकून तपासावा. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसते आणि तारीख सहा-सात वर्षं जुनी निघते, तेव्हा तो बहुधा रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला असतो. ट्रॉलीला रिमोल्ड चालतो, घोड्याच्या पुढच्या ॲक्सलला अजिबात नको. पुढचा टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर अलाइनमेंट बिघडलीय किंवा स्टबचे (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) किंगपिन बुश गेलेत. चाक जॅकवर उचलून वर-खाली हाताने हलवा, खेळ लगेच कळतो. ट्रॉलीच्या पहिल्या आणि तिसऱ्या ॲक्सलचे टायर मधल्यापेक्षा लवकर झिजणारच. यार्डात आखूड वळण घेताना मधला ॲक्सल फिरतो आणि ही दोन टोकं डांबरावर आडवी घासतात. ही झीज दोष नाही, पण टायरचा खर्च काढताना धरायला हवी. पाच टायर बदलायचे दिसले तर लाखभर रुपये तिथेच किमतीतून कापून मागा.

ट्रॉलीकडे कुणी बघत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त काम तिनेच काढलं. ट्रॉलीच्या किंगपिनपासून (घोड्यात अडकणारी ट्रॉलीखालची जाड पिन, पुढच्या चाकाची नव्हे) पहिल्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या हबपर्यंत टेप लावा. दोन मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ट्रॉली तिरकी चालणार, टायर आणि डिझेल दोन्ही खाणार. कारण बहुतेक वेळा टॉर्क रॉडचे (ॲक्सल जागेवर धरणारा दांडा) बुश किंवा पाट्याचा तुटलेला सेंटर बोल्ट असतो, म्हणजे दुरुस्ती फार मोठी नाही. चेसिस मुरगळली असेल तर मात्र सोडून द्या. किंगपिनला व्हर्नियर लावा: नवा ५०.८ मिलिमीटर, ४९ ला आला की बदलायचा. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे घोड्यावरच्या ट्रॉली अडकवायच्या ताटाचा, जबडा तपासायला ट्रॉलीचे ब्रेक धरून घोडा हळूच पुढे-मागे रेटा. ठक् असा स्पष्ट धक्का जाणवला तर जबडा किंवा पिन झिजलीय. गूजनेकच्या (ट्रॉलीचा पुढचा वाकलेला भाग) वाकणावर आणि फिफ्थ व्हीलच्या ब्रॅकेटजवळ ताजा रंग दिसला की चाकूने खरवडून बघा, खाली वेल्डिंग सापडण्याची शक्यता मोठी. कंटेनर ट्रॉलीला जखडणारे ट्विस्ट लॉक सगळे फिरवून बघा, चार टोकांचे आणि मधलेही. मधले गंजून जाम असतील तर या ट्रॉलीने दोन २० फुटी कंटेनर बरेच दिवस ओढलेले नाहीत.

आता युरिया. बीएस४ मध्ये काही कंपन्यांनी ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणं) ठेवला, बाकीच्यांनी एससीआर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात युरियाचं द्रावण फवारून तो साफ करणं) लावला. ही गाडी एससीआरची. डीईएफ, म्हणजे तेच युरियाचं द्रावण, लागतं साधारण डिझेलच्या ३ ते ५ टक्के. जुन्या गाड्यांत हा खर्च टाळायला इम्युलेटरची छोटी डबी बसवलेली असते, जी सिस्टिम चालू असल्याचा खोटा सिग्नल देते. ओळखायची खूण अशी: डीईएफचा काटा कायम एकाच जागी, टाकी उघडली तर कोरडी आणि तळाला पांढरी पपडी. अशी गाडी स्वस्त मिळते आणि तिथेच फसवते. डबी बेकायदा आहे, आणि ती काढून सिस्टिम परत चालू करायची तर डोसिंग युनिट, फिल्टर, नॉक्स सेन्सर, सगळंच बदलायला निघू शकतं.

सिस्टिम चालू असलेल्या गाडीतही कंटेनरचं काम युरियाला मानवत नाही. बंदराच्या गेटच्या रांगेत इंजिन तासन्‌तास आयडलवर राहतं, सायलेन्सर पुरेसा तापत नाही, फवारलेला युरिया वाफ न होता डोसिंग इंजेक्टरच्या तोंडाशी जमतो. मग पॉवर कमी, डॅशवर दिवा. पांढरा थर असेपर्यंत इंजेक्टर काढून गरम डिस्टिल्ड पाण्यात ठेवला की सुटतो. पिवळट-तपकिरी, दगडासारखा झाला तर पाणी काही करत नाही. उपाय साधा आहे: रांगेत शक्य तेव्हा इंजिन बंद, आणि डीईएफ सीलबंद कॅनचंच. शेतीच्या युरियापासून केलेलं सुटं द्रावण स्वस्तात मिळतं, पण तो युरिया निमकोटेड असतो आणि त्यातलं तेल व क्षार फिल्टर आणि कॅटॅलिस्टला बसतात. रिफ्रॅक्टोमीटरवर ३२.५ टक्के आलं म्हणून माल चांगला असं नाही. ते यंत्र युरियाचं प्रमाण सांगतं, मळ सांगत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. सकाळी थंड इंजिनावरच स्टार्ट घ्या, विकणाऱ्याने आधी तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून धुराचा जोर बघा. स्कॅनर लावून एरर कोडच्या आधी इंजिन अवर्स वाचा. मीटरवर ३ लाख २० हजार किलोमीटर आणि अवर्स १६ हजार, म्हणजे सरासरी ताशी २०. एकतर गाडी आयुष्यभर रांगेत उभी होती, नाहीतर मीटर मागे फिरवलंय. दोन्ही असतील तर नमस्कार करून निघा.

ब्रेकला हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पॅडल दाबून धरा आणि काटा बघा. मिनिटभरात नजरेला दिसेल इतका उतरला तर लाल-पिवळ्या पाइपांच्या कपलिंगपासून सुरुवात करून साबणाचं पाणी लावत जा. टँकचा ड्रेन कॉक उघडल्यावर नुसतं पाणी आलं तर एअर ड्रायरचं काडतूस संपलंय. काळं तेल आलं तर कॉम्प्रेसर तेल सोडतोय, तो खर्च वेगळा. पावसाळ्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ट्रॉलीच्या लाइटच्या सात पिनी सॉकेटने. खाडीकाठची खारी हवा, हिरवा गंज, मग मागचे लाइट बंद आणि चलन. सॉकेट नवं टाका, आत ग्रीस भरा, वायर एकदाच नवीन ओढा.

ॲव्हरेज भरल्या गाडीला लिटरला ३ ते साडेतीन किलोमीटर, रिकामीला साडेचारच्या आसपास. घाट जास्त तर तीनच धरा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा) चालू असेल तर ब्रेकचे लायनर टिकतात, म्हणून घ्यायच्या आधी तो उतारावर प्रत्यक्ष वापरून बघा.

कागद घोड्याचे वेगळे, ट्रॉलीचे वेगळे. दोन्हींचा चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून आरसीशी जुळवा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथल्या एनओसीचा फॉर्म २८. बाकी चलनं, टॅक्स आणि ब्लॅकलिस्टची नोंद परिवहनच्या साइटवर आधीच बघून घ्या. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, त्यामुळे सात वर्षांची आणि साडेआठ वर्षांची गाडी यांच्या किमतीत तेवढा फरक मागायलाच हवा. इन्शुरन्स ट्रान्सफरचा अर्ज १४ दिवसांत टाका. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या, नवीन टॅग तुमच्या नावावर लागल्याशिवाय गाडी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याच्या पुढे काढू नका.