खाडीच्या पाण्याला दोन हजारांचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो का?

काळ्या रबराची मूठ, पुढच्या टोकाला तिरकी काच, तिच्यावर पारदर्शक झाकण आणि मागे डोळ्याला लावायचं भिंग. पाण्याचा खारेपणा मोजणारा, शून्य ते शंभर पीपीटीचा (पीपीटी म्हणजे हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) हा हातातला रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन दोन हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. नावं वेगवेगळी असली तरी घडण बहुतेकांची एकच. विकणारे तो मत्स्यालय ठेवणाऱ्यांसाठी विकतात. इथे तो जिताडा (खाडीतला मासा) आणि चिंबोरी (खेकडा) पाळणाऱ्यांच्या किती कामाचा, एवढंच पाहिलं आहे. पाच पीपीटीच्या वर तो चोख चालतो, तीनच्या खाली निरुपयोगी. आणि जिताड्याच्या बाबतीत खरी गोम तीनच्या आसपासच असते.

जिताडा जन्मभर एका पाण्यात राहत नाही. अंडी घालायला तो खाडीच्या मुखाशी येतो, कारण अंडी तरंगायला आणि जगायला साधारण २८ ते ३२ पीपीटीचं जड पाणी लागतं. पिल्लं पावसाळ्यात भरतीबरोबर आत शिरतात: तिवरांत, ओढ्यांत, उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भाताच्या खाचरात. गोड्या पाण्यात काही वर्षं वाढलेला मासा नर म्हणून मुखाकडे उतरतो आणि पुढे त्याचीच मादी होते. पण सगळेच असं करत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियात याच जातीच्या माशांच्या कानातले खडे कापून त्यांच्या थरांतलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य मोजलं गेलं. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या थरात ते जास्त भरतं, गोड्यात कमी. काही मासे नदीत वर जाऊन आले होते, काहींनी गोडं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा ‘जिताड्याला किती खारं चालतं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. हातातला मासा कालपर्यंत कुठल्या पाण्यात होता, ते आधी बघायला हवं.

आपल्याकडे तर हा फरक थेट खिशाला लागतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतून धरलेली पिल्लं गावतळ्यात सोडायची जुनी रीत आहे. ती पिल्लं आधीच जवळजवळ गोड्या पाण्यात आलेली असतात. हॅचरीतलं, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्रातलं, बीज मात्र २८-३० पीपीटीच्या टाकीतलं असतं. (चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याचं प्रजनन करून दाखवलं, बाजारात बीज मिळू लागलं ते त्यानंतर.) दोन्ही पिल्लं दिसायला सारखी. पहिलं थेट तळ्यात सोडलं तरी निभावतं, दुसरं सोडलं तर सकाळी पांढरं पोट वर. खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात याच्या नेमकं उलट, मीठ धरून ठेवायचं आणि पाणी मूत्रावाटे बाहेर टाकायचं. हा बदल करायला कल्ल्यांना दिवस लागतात, तास पुरत नाहीत.

म्हणून बीज आलं की पहिला थेंब पिशवीतल्या पाण्याचा घ्यायचा, दुसरा तळ्याच्या पाण्याचा. पिशवीत २८ आणि तळ्यात २ निघाले तर दिवसाला पाच पीपीटीपेक्षा जास्त उतरवायचं नाही, आणि पाचच्या खाली दिवसाला एक-दोनच. इथे बहुतेकांची चूक होते ती बादल्यांच्या हिशोबात. शंभर लिटरच्या टबात २८ चं पाणी असेल तर १८ लिटर काढून तेवढंच गोडं घातलं की २३ होतं. दुसऱ्या दिवशी १८ वर यायला २२ लिटर बदलावं लागतं, तिसऱ्या दिवशी १३ साठी २८ लिटर, चौथ्या दिवशी ८ साठी ३८ लिटर. रोज ‘अर्धा टब बदला’ असं सांगणारे पहिल्याच दिवशी पिल्लांना २८ वरून १४ वर आणतात. पाणी तासाभरात थोडंथोडं घालायचं, हवेचा दगड बंद करायचा नाही. पिल्लं काळपट पडून पृष्ठभागाशी रेंगाळायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं. याच दिवसांत मोठी-लहान वेगळी करावी लागतात, नाहीतर मोठं पिल्लू स्वतःच्या निम्म्याहून लांब भावंडाला गिळतं आणि दोष खारेपणावर जातो.

२८ पासून ८ पर्यंतचं हे सगळं काम रिफ्रॅक्टोमीटर नीट करतो. दोन-तीन थेंब, झाकण अलगद टेकवायचं, उजेडाकडे धरायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ वाचायची. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे पाणी उपकरणाच्या तापमानाला येतं. डब्यावर ‘एटीसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती तो आपणच करतो. पण ती १० ते ३० अंशांपुरतीच. मे महिन्यात बांधावर उन्हात ठेवलेली धातूची नळी हात लावू देत नाही, तेव्हाचा आकडा धरू नका. सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की काम भागतं. झाकणाखाली बुडबुडा राहिला तर रेघ तुटक दिसते, आणि थेंब तसाच पाच मिनिटं सोडला तर कडेचं पाणी उडून आकडा चढतो.

शून्य लावायला स्क्रू आहे, वरच्या रबरी टोपीखाली. इथे बोअरचं पाणी वापरू नका. खाडीकाठच्या कित्येक बोअरना स्वतःचाच खारेपणा असतो आणि मग तुमचं शून्य दोनवर बसतं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी उत्तम. वरचं टोक तपासायला ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. समुद्राच्या पाण्यासाठी आखलेली पट्टी यात ३५ दाखवते. ३६.५ दाखवली तर ती मिठाच्या पाण्यासाठी आखलेली स्वस्त पट्टी आहे. प्रवाळ ठेवणारे यावरून वाद घालत बसतात. तळ्यासाठी २८ च्या जागी २९ दिसल्याने काही बिघडत नाही.

आता खालचं टोक. पट्टीवर एका पीपीटीला एक रेघ, आणि चूकही एका रेघेची. पाण्यात २ असेल तर वाचन १ ते ३ च्या मध्ये कुठेही येऊ शकतं. म्हणजे जिथे पिल्लांना सर्वात सावकाश उतरवायचं, तिथेच उपकरण आंधळं. त्यासाठी वीजवाहकता मोजणारी पेनासारखी छोटी काडी वेगळी घ्यावी. ९,९९० मायक्रोसिमेन्सपर्यंत मोजणारी स्वस्तात मिळते. त्यात २,००० च्या जवळपास म्हणजे १ पीपीटी, ९,००० च्या जवळपास म्हणजे ५. ९,९९० च्या वर ती आकडा न देता नुसती ‘एरर’ दाखवते, तिथून रिफ्रॅक्टोमीटर पुढे. आकडा मायक्रोसिमेन्समध्येच वाचा. ‘पीपीएम’चं बटण दाबलं की प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं.

पाण्याच्या जडपणावरून खारेपणा सांगणारा तरंगता हायड्रोमीटर यापेक्षा स्वस्त पडतो, पण पावसाळी खाडीत तो नकोच. लिटरमागे एक ग्रॅम गाळ असला तरी तो पाऊण पीपीटीच्या आसपास जास्त दाखवतो. गाळाने रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा फारसा हलत नाही, फक्त रेघ धूसर होते. सुती फडक्यातून पाणी गाळून घेतलं की स्पष्ट दिसते.

उपकरणाची सर्वात मोठी मर्यादा मात्र त्याच्या हातात नाही, ती थेंब कुठून घेतला यात आहे. जुलैत उघाडीवर वरचं पाणी २ आणि तळाचं १५ असं एकाच जागी असू शकतं, कारण जड खारं पाणी पाचरीसारखं खालून आत सरकतं. पिल्लं आणि चिंबोऱ्या त्याच थराबरोबर ये-जा करतात. वरून ओंजळभर पाणी घेऊन ‘खाडी गोडी झाली’ म्हणणारा निम्मीच गोष्ट सांगतो. वजन बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी. तळापासून वीतभर वर आली की बूच ओढायचं. नमुना भरतीच्या शेवटच्या तासाला घ्यायचा आणि ओहोटीला पुन्हा. पिंजरा मुखाशी असो की तळं आत, रोज त्याच जागेचे चार आकडे वहीत असले की उघाडी कधी उघडायची ते ठरवता येतं.

चिंबोरीवाल्यांना दोन आकडे पुरतात. वाढीच्या तळ्याला साधारण १० ते २५ चालतं, त्यामुळे वीजवाहकतेच्या काडीची गरज नाही. पण गाभोळीची मादी समुद्राची वाट धरते, कारण तिची पिल्लं ३० च्या जवळच्या पाण्यातच तगतात. तळ्याचा आकडा ठीक असूनही माद्या बांध चढत असतील तर पाणी बदलून उपयोग नाही, जाळीचं कुंपण आतल्या बाजूला झुकवून लावा.

टिकण्याबद्दल तक्रार एकच, पण ती वाजवी आहे. नळाखाली धरून धुतला की नळीत पाणी शिरतं, आतून धुकं धरतं आणि ते पुन्हा जात नाही. काच डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबाने पुसायची, तेही मऊ सुती कापडाने. लुंगीच्या टोकाला वाळू असते आणि वाळूचा एक ओरखडा रेघेच्या मधोमध कायमचा बसतो. डब्यात येणारा ड्रॉपर पहिल्याच महिन्यात चिरतो, औषधाच्या दुकानातून दोन जास्तीचे आणून ठेवा.