सहा घरांत मिळून एक वॉटमीटर: वापरण्याजोगा आहे का?

वस्तू साधी आहे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा मीटर बसवायचा, त्यात उपकरणाचा प्लग खोचायचा. ते उपकरण या क्षणी किती वॉट घेतंय आणि मीटर लावल्यापासून एकूण किती युनिट झाली, हे पडद्यावर दिसतं. वीजबिल महिन्याचा एकच आकडा देतं. त्यातलं फ्रिजचं किती, टीव्हीच्या डब्याचं किती, हे त्यावरून कळत नाही. मीटर ते वेगळं करून दाखवतो.

निकाल आधीच सांगतो. एका घरापुरता विकत घ्यायची ही वस्तू नाही. आठ-दहा दिवसांत घरातलं सगळं मोजून होतं आणि मग मीटर खणात पडून राहतो. पाच-सहा घरांनी वर्गणी काढून घेतला तर मात्र पैसे वसूल होतात, आणि नुसता खर्च वाटला गेला म्हणून नव्हे. ‘आमचा फ्रिज दिवसाला १.६ युनिट घेतो’ हे एकट्याला कळून फारसा उपयोग नसतो, कारण ते जास्त की कमी हे कशावरून ठरवणार? तेवढ्याच लिटरचा शेजारचा फ्रिज ०.८ युनिटवर भागवतोय हे कळलं, की आपल्या फ्रिजमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय याची खात्री पटते.

घेताना पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे मीटर खरे वॉट दाखवतो की नुसते व्होल्ट आणि अँपिअर. काही स्वस्त मॉडेल फक्त या दोनांचा गुणाकार देतात. इस्त्री, किटली असल्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना तो चालतो. मोटर असलेल्या वस्तूंना चालत नाही. २३० व्होल्टवर ०.९ अँपिअर घेणारा फ्रिज गुणाकाराने २०७ दिसेल, पण त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खरोखर खर्च होणारा भाग, ०.६५ असेल तर प्रत्यक्षात तो साधारण १३५ वॉटच घेत असतो. घरगुती बिल सहसा या खऱ्या वॉटवर येतं. म्हणून पडद्यावर पॉवर फॅक्टर दाखवणारं मॉडेलच घ्या.

दुसरी गोष्ट कमाल अँपिअर. मागच्या बाजूला हा आकडा छापलेला असतो. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २३०० वॉट, १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॉट. पाणी स्वतः तापवणारं वॉशिंग मशीन किंवा रूम हीटर १० अँपिअरच्या मीटरला सहज मर्यादेपर्यंत नेतात. वाटून वापरायचा असेल तर १६ अँपिअरचाच घ्यावा, कारण कोणत्या घरात त्याला काय लावलं जाईल हे आधी सांगता येत नाही.

वायफायवर चालणारे, मोबाइलवर आकडे दाखवणारे स्मार्ट प्लगही मिळतात. एका घरात कायम ठेवायला ते चांगले आहेत. फिरत्या मीटरसाठी मात्र मी ते सुचवणार नाही. दर घरी जुनं खातं काढून नवं जोडावं लागतं, नाहीतर एका घराचा वापर दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसत राहतो. स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांना तर ते उपयोगाचेच नाहीत. पडदा आणि चार बटणं असलेला साधा मीटर कोणालाही वाचता येतो.

साध्या मीटरची खोड अशी, की पडदा प्लगवरच असतो. फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये लावला की वाचायला फ्रिज ओढावा लागतो. त्यावर उपाय म्हणून दीड मीटरची, जाड तारेची, अर्थिंग असलेली एक्स्टेंशन वायर मीटरसोबतच फिरवावी. तारेवर १.५ चौरस मिलिमीटर छापलेलं बघून घ्या. वापरताना वायर पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली तार मोठ्या लोडवर तापते. जड वस्तू लावल्यावर दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर लगेच बंद करा. दोष बहुधा सॉकेटमधल्या सैल पडलेल्या धातूच्या पट्ट्यांचा असतो, आणि तो मीटर नसतानाही धोक्याचाच असतो.

नवा मीटर लावल्यावर पडदा कोरा राहिला किंवा अर्धवट अक्षरं उमटली तर परत करायला धावू नका. आत आकडे लक्षात ठेवायला बारीक बॅटरी असते आणि दुकानात पडून ती उतरलेली असते. काही तास नुसता सॉकेटमध्ये राहू द्या, मग रीसेटच्या बारीक भोकात टाचणी दाबा. बटण-सेलवर चालणारा असेल तर सेल बदला. ही बॅटरी मेली असेल तर वीज गेल्याबरोबर तोवरची सगळी मोजणी पुसली जाते. फेरी सुरू करण्याआधीच याची खात्री करून घ्यावी: थोडी युनिटं होऊ द्या, मीटर काढा, पाच मिनिटांनी परत लावा आणि आकडा शाबूत आहे का ते बघा.

अचूकताही एकदा पडताळावी. घरातलं सगळं बंद करून फक्त हीटर किंवा इस्त्री मीटरमधून चालवा आणि मुख्य मीटरच्या आकड्याशी ताडून बघा. मुख्य मीटर ०.१ युनिटपर्यंतच दाखवत असेल तर त्याचे अंक बदलताना पकडा आणि किमान एक युनिट होईपर्यंत थांबा, नाहीतर तुलना फसते. थोडा फरक चालतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या घरांत तोच मीटर फिरतोय, त्यामुळे चूक असली तरी सर्वांना सारखीच लागते.

बारीक लोडवर मात्र हे मीटर खरंच कच्चे आहेत. एक-दोन वॉटच्या खाली बरेच मीटर सरळ शून्य दाखवतात. अशा वेळी एकाच जातीच्या चार-पाच वस्तू एका बोर्डवर एकत्र लावून मोजाव्यात आणि भागाकार करावा. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरचा लोक फार बाऊ करतात. चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला एक युनिटही नाही. उलट टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केल्यावरही १० वॉट घेत असेल तर वर्षाला ८७.६ युनिट गेली. हिशोब सोपा आहे: सतत चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. एवढा एक आकडा मीटरच्या पाठीवर चिकटवून ठेवला तरी पुष्कळ भांडणं मिटतात.

आता फ्रिज, कारण खरी कमाई इथेच आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि बिघडत जातो तेव्हा आवाज करत नाही. मीटर लावण्यासाठी प्लग काढल्यावर पाच मिनिटं थांबूनच परत चालू करायचा. कॉम्प्रेसरमधला दाब बसायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर तो चालू होताना अडखळतो. पडद्यावरचे त्या क्षणाचे वॉट बघून काहीही ठरवू नका. कॉम्प्रेसर थांबलेला असेल तर आकडा अगदी खाली असतो, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर चालू असेल तर एकदम काहीशे वॉट दिसतात. युनिटचाच आकडा घ्यायचा, तोही ७२ तासांचा. युनिट भागिले तास गुणिले २४, हा झाला रोजचा वापर. सोबत खोलीचं तापमान लिहा. उन्हाळ्यातला एक फ्रिज आणि थंडीतला दुसरा यांची तुलना करणं हा अन्याय आहे.

आकडा जास्त आला तर क्रमाने बघा. आधी दाराचं रबर. कागदाची एक पट्टी चौकट आणि रबर यांच्यात धरून दार लावा आणि पट्टी हळू ओढा. घट्ट लागली तर तिथे रबर बसतंय. सुळकन निघाली तर तिथून गार हवा गळतेय. चारही बाजूंना वीतभर अंतरावर हे करा, बिजागरीकडचा कोपरा विसरू नका. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, नुसतं चिकट मळलेलं असतं किंवा एके ठिकाणी दबलेलं असतं. कोमट साबणपाण्याने घड्यांच्या आतून पुसा. दबलेला भाग हेअर ड्रायरने कोमट करून बोटांनी बाहेर ओढा, दार लावून रात्रभर ठेवा आणि पुन्हा पट्टी लावून बघा. नवं रबर हा त्यानंतरचा उपाय.

मग मागची जाळी. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा आणि भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. फ्रीजरमध्ये हाताने बर्फ काढावा लागत असेल तर थर अर्धा सेंटिमीटर झाला की काढून टाका, आणि सुरी कधीही वापरू नका. गॅसची नळी फुटली की फ्रिजच गेला. शेवटी आत थर्मामीटर: खाली ४ अंश, फ्रीजरमध्ये उणे १८. त्याहून थंड ठेवून हाती काही लागत नाही. एवढं करूनही कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर थर्मोस्टॅट किंवा गॅसचा प्रश्न असतो आणि तिथे मेकॅनिक लागतोच. पण त्याला बोलावताना हातात तीन दिवसांचा आकडा असला की बोलणं नेमकं होतं, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून ती झाली की नाही हेही कळतं.

वॉशिंग मशीनचं गणित मोटरमध्ये नसून पाण्याच्या तापमानात आहे. १२ लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला ०.२८ युनिट लागतं, ६० वर न्यायला ०.५६. एकच प्रोग्रॅम गार आणि गरम पाण्यावर मोजून वहीत शेजारी शेजारी लिहा, म्हणजे वेगळं समजवावं लागत नाही. किटलीचंही तेच: एक लिटर उकळायला ०.१ युनिटच्या आसपास लागतं, तेव्हा दोन कप हवे असताना ती काठोकाठ भरू नये.

थेट वायरिंगला जोडलेला गिझर किंवा पंप या मीटरला लावता येत नाही. तिथे मुख्य मीटरवरचा लुकलुकणारा दिवा कामी येतो. मीटरवर एका युनिटला किती वेळा लुकलुक होते ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर ११२५ ला (३६ लाख भागिले ३२००) दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, की वॉट मिळतात. सगळं बंद केलंय असं वाटत असताना दर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकत असेल तर ७५ वॉट कुठेतरी चालू आहेत. एकेक स्विच बंद करत शोधा.

आपल्या फिरत्या मीटरमध्ये युनिटचा दर भरून रक्कम दाखवण्याची सोय असते. ती वापरू नका. बिल टप्प्याटप्प्याने वाढत्या दराचं असेल तर वाचलेली युनिटं सर्वांत वरच्या टप्प्यातली असतात, आणि स्थिर आकार काही केल्या कमी होत नाही. मीटरला हे दोन्ही ठाऊक नसतं. वहीत युनिटच लिहा, रुपये-पैसे बिल बघून काढा.

फेरीबद्दल. प्रत्येक घराला नऊ दिवस द्या: तीन फ्रिजचे, दोन वॉशिंग मशीनचे, तीन टीव्ही, कॉम्प्युटर आणि राउटरचे, एक राखीव. सहा घरांची फेरी ५४ दिवसांत होते. ज्याला बिलाचा ताण सर्वांत जास्त, त्याला पहिला नंबर द्यावा. पहिल्या घरी ज्याला मीटर कळतो त्याने सोबत जाऊन लावून द्यावा, पुढे प्रत्येक घराने पुढच्याला शिकवावं. पिशवीत मीटर, वायर, ब्रश, थर्मामीटर आणि वही एवढंच ठेवा. वहीत नावं नकोत. माणसं किती, उपकरण किती लिटरचं, किती वर्षांचं, किती तास मोजलं आणि किती युनिट झाली, एवढं पुरे. कोणाचा टीव्ही किती तास चालतो ही चर्चेची गोष्ट होता कामा नये, नाहीतर दुसऱ्या फेरीला लोक मीटर घ्यायला नाही म्हणतात. ऑक्सिजन यंत्र किंवा तसलं वैद्यकीय उपकरण चालू असेल त्या घरात त्याच्या प्लगला हात लावायचा नाही, मोजण्यासाठीसुद्धा नाही.

कोणी जुना फ्रिज दुसऱ्या गरजू घराला देणार असेल तर देण्याआधी तीन दिवस मोजा. दिवसाला अडीच युनिट खाणारा फुकटचा फ्रिज वर्षाला नऊशेच्यावर युनिटांचं बिल सोबत घेऊन जातो, आणि ते बिल घेणाऱ्याला भरावं लागतं.