जमा रक्कम परत मागावी की हप्ता कमी करून घ्यावा?

ब्रिटनमध्ये गॅस-विजेचा हप्ता डायरेक्ट डेबिटने वर्षभर सारखाच कापला जातो. उन्हाळ्यात खात्यावर पैसे साचतात, हिवाळ्यात हीटिंग ते खाऊन टाकतं. त्यामुळे सप्टेंबरात 200 पौंड जमा दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. ते उचललेत तर फेब्रुवारीत हप्ता वाढलाच म्हणून समजा. एप्रिलमध्येही तेवढेच शिल्लक असतील तर खुशाल परत मागा. आधी मीटरचं ताजं रीडिंग मात्र द्या, अंदाजे काढलेल्या बिलावरची शिल्लक फसवी असते.

हप्ता कमी केला तर साचलेली रक्कम हळूहळू बिलात जिरते. तोवर ती कंपनीकडेच, बहुतेकदा बिनव्याजी.

कंपनी बदलताय? मग निवडीचा प्रश्नच नाही. ऑफजेमच्या (ब्रिटनमधली गॅस-वीज नियामक संस्था) नियमानुसार 6 आठवड्यांत शेवटचं बिल, त्यानंतर कामाच्या 10 दिवसांत परतावा.