मोपा विमानतळ: गिरगाव ते बांदा, आठ महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत मोपाच्या विमानतळावरून माझं सात वेळा येणं-जाणं झालं. मी गिरगावात राहतो, आई बांद्याला. म्हणजे वांद्रे नव्हे, सिंधुदुर्गातलं, गोव्याच्या सीमेला लागून असलेलं बांदा. मधुमेहामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली आणि महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागेल असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शननंतर विमानात बसलेलं चालेल का, हे त्यांना आधीच विचारून घेतलं. आईचं वय ७६. दर महिन्याला तिला रात्रभर गाडीत बसवून आणायचं, या कल्पनेनंच पोटात गोळा यायचा. म्हणून विमान.

मोपा गोव्यात, पेडणे तालुक्यात आहे. नाव मनोहर पर्रीकरांचं. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. कागदावर तो गोव्याचा दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण बांदा-सावंतवाडीच्या माणसाला तो घरचाच वाटतो, कारण महामार्गावर पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलंच. भावाच्या गाडीनं घरून अर्ध्या तासाच्या आत पोचतो.

तिकीट काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. गोव्यासाठी दोन कोड दिसतात. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. माझ्या भाच्यानं घाईत स्वस्त दिसलं ते दाबोळीचं काढलं. दाबोळी दक्षिणेला, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर. तिथून झुवारी, मांडवी ओलांडून, पणजी-म्हापशाची गर्दी काढून बांद्याला यायला त्याला अडीच तास लागले. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत गेलेच, वर दुपारही गेली.

आता वेळेचा हिशेब. मुंबईच्या टोकाला खरा फरक पडला तो भुयारी मेट्रोनं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत आली आणि गिरगावातून विमानतळ एका गाडीत आला. पाऊण तास धरून चालतो. पूर्वी टॅक्सीनं निघालो की माहीमला किती अडकणार, सांगता यायचं नाही. मात्र टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची स्टेशनं वेगळी आहेत, मधे सहार रोडचं स्टेशन येतं. त्यामुळे टर्मिनल तिकिटावर दर वेळी नव्यानं पाहा. शिवाय मेट्रोची पहिली गाडी सहाच्या सुमारास सुटते, म्हणून सातचं विमान असेल तर टॅक्सीला पर्याय नाही. मी साडेनऊ-दहाच्या सुमाराचं विमान धरतो. सव्वासहाला घर सोडलं तर बाराच्या आत आईच्या पडवीत असतो. पावणेसहा तास. हवेतला वेळ त्यात तासाभराचाच, बाकी सगळं पोचणं, तपासणी आणि वाट पाहणं.

रेल्वे मी सोडलेली नाही. तुतारी दादरहून मध्यरात्री सुटते आणि सावंतवाडीला दुपारी बाराच्या पुढे पोचते. कोकणकन्येत कन्फर्म बर्थ असेल तर झोपून जाता येतं आणि खर्च कितीतरी कमी. एकट्या धडधाकट माणसानं तीच घ्यावी. गणपतीत तर विमानाचं भाडं बघवत नाही. मला एरवी साडेतीन ते पाच हजारांत एकेरी तिकीट मिळालं, तेही तीन आठवडे आधी काढलं म्हणून. चाकरमान्याच्या चार जणांच्या कुटुंबाला हे दर महिन्याला झेपणार नाही, हे मान्यच केलं पाहिजे.

पण म्हाताऱ्या माणसासाठी मोपाला तोड नाही. टर्मिनल एकच, देशातली आणि परदेशातली विमानं त्याच इमारतीतून. आटोपशीर आहे. गाडीतून उतरल्यापासून विमानापर्यंत आईला धाप लागत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी, आयत्या वेळी मागितली तर थांबावं लागतं. पहिल्या फेरीत ती घट्ट हात धरून बसली होती. मुंबईत चाकं टेकली तेव्हा म्हणाली, "आत्ताच तर घराकडसून निघालंव, इतक्यात मुंबई इली?" पाचव्या फेरीपासून ती एकटी येते. भाऊ मोपाला दारात सोडतो, व्हीलचेअरवाला मुलगा आत नेतो, मी मुंबईत बाहेर उभा असतो. माझं एक तिकीट वाचलं. पण त्याहून मोठं म्हणजे, तिला स्वतःच्या बळावर आल्यासारखं वाटतं.

सामानाचं सांगतो, कारण कोकणातून कोणी रिकाम्या हातानं निघत नाही. सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. आईची पहिली पिशवी तिथंच हलकी झाली. तेलातलं लोणचं आणि कोकमाचं आगळ नीट बंद करून चेक-इनच्या बॅगेत घालतो. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची.

मालवाहतुकीचा अनुभव एकदाच, पण शिकवून गेला. एप्रिलमध्ये भावानं दिल्लीला भाचीकडे हापूसच्या चार पेट्या विमानानं पाठवल्या. प्रवासी विमानाच्याच पोटात, बॅगांशेजारी हा माल जातो. भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ६,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच लावतात. ऐसपैस खोका म्हणजे हवेचं भाडं. बुकिंग एजंटनं पेट्या दुपारभर उन्हात ठेवल्या आणि एका पेटीतले निम्मे आंबे डागाळले. पुढच्या वेळी कच्चेच, भोकांच्या खोक्यात, संध्याकाळच्या विमानानं पाठवणार. मुंबईसाठी मात्र विमानाचा विचारही करू नका. रात्रीचा ट्रक सकाळी वाशीला असतो.

जूनमध्ये एकदा ढग खाली उतरले होते. विमान बराच वेळ वर घिरट्या घालत राहिलं, मग उतरलं. विमानतळ पठारावर आहे, पावसाळ्यात हे गृहीत धरा. डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी ठेवू नका, आम्ही आता दुसऱ्या दिवशीची घेतो.

उतरताना खिडकीतून कापलेला तांबडा जांभा दिसतो. आईचं माहेर पेडण्याकडचं, हा सडा, म्हणजे कातळाचा माळ, तिनं लहानपणी गुरांमागे पायी तुडवलेला. झाडतोडीवरून हा प्रकल्प सर्वोच्च न्यायालयात गेला होता, २०१९ मध्ये पर्यावरण परवानगी स्थगित झाली आणि २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठली. ज्यांची जमीन गेली त्यांचं दुःख मला तिकिटाच्या सोयीत विसरता येत नाही. आईही दर वेळी खिडकीला लागून बसते आणि खालची एखादी वाट ओळखू येते का, ते शोधत राहते.

पुढचं इंजेक्शन सोळा तारखेला आहे. खिडकीची जागा आत्ताच निवडून ठेवली आहे.