भरवशाची जिम्नी, रुबाबाची थार : दोन्ही वर्षभर चालवल्यावर

आमच्या घरात या दोन्ही गाड्या आहेत. माझी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी, पेट्रोल, मॅन्युअल. दादाची महिंद्राची थार, २.२ लिटर डिझेल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, हार्ड टॉप म्हणजे पक्क्या छपराची. वर्षभर चाव्यांची अदलाबदल करत आम्ही दोघांनी दोन्ही गाड्या मनसोक्त चालवल्या, त्यामुळे पुढचं सगळं हाताखालून गेलेलं आहे. मी राहते मुलुंडला, माहेर गिरगावात, आणि पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवार भंडारदरा, माळशेज, जुन्नर या पट्ट्यात जातो.

माझं मत आधीच सांगते. मुंबईत राहून सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाने भरवशाची गाडी घ्यावी. आणि भरवसा म्हणजे फक्त बंद न पडणं नव्हे. आठवड्याचे सहा दिवस ही गाडी मुंबईत वागवायची असते. ती बिल्डिंगच्या खालून किती सहज निघते, कुठे उभी राहते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिच्यात बसता येतं का, यावर सातव्या दिवशी ती डोंगरात जाणार की नाही हे ठरतं.

तरी थारचा रुबाब खरा आहे, त्याला मी नुसता देखावा म्हणणार नाही. विलीज जीपची जुळणी महिंद्राने आपल्या माझगावातच सुरू केली, आणि तो वारसा गाडीत बसल्याबरोबर जाणवतो. पहिली थार २०१० मध्ये आली, आत्ताची पिढी २ ऑक्टोबर २०२० ची. सीटवर बसलं की सपाट बॉनेट शेवटपर्यंत दिसतं, रस्ता खाली कुठेतरी राहतो. डिझेलचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १६०० आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला इतके फेरे) हातात येतो. माळशेज घाटात चौघे आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी चढते की पायाला काही कामच उरत नाही. जिम्नीच्या १४६२ सीसी पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. म्हणजे घाटात गिअर खाली घ्यायचा आणि इंजिन फिरू द्यायचं. मला तसं चालवायला आवडतं. दादाला नाही आवडत, आणि त्याचं म्हणणं मला पटतं.

जिम्नीचं घराणंही काही कमी नाही. १९७० मध्ये जपानात ३६० सीसीच्या इंजिनावर निघालेली ही छोटी फोर बाय फोर. तिच्याच कुळातली जिप्सी १९८५ पासून आपल्याकडे लष्करात, पोलिसांत आणि जंगलात राबली. ताडोब्यात वाघ पाहायला आपण ज्या उघड्या गाडीत बसतो ती हीच जिप्सी. आत्ताची पाच दारांची जिम्नी आली जून २०२३ मध्ये. शिडीच्या आकाराची चॅसिस म्हणजे सांगाडा, पुढेमागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड अॅक्सल, लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरांचा) वेगळा दांडा, सगळं जुन्या पद्धतीचं.

आता गिरगाव. आईची वाडी अशी आहे की तोंडाशी दुचाक्या, मधे एका बाजूला पाण्याची पिंपं, आणि आत वळताना उजवीकडे जुन्या जिन्याचा दगडी कट्टा. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, थारची १८२०. फरक सात इंचांचा. लांबी दोघींची सारखीच, ३९८५. पण त्या कट्ट्याशी सात इंच म्हणजे सगळं काही. जिम्नी मी आरसे मिटून एका दमात आत घेते, डावीकडे वीतभर जागा उरते. दादा थार ठाकूरद्वारच्या बाजूला जागा शोधून लावतो आणि चालत येतो. गणपतीत तर तो गाडी घेऊन येतच नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे लोखंडी पाळण्यावर गाडी चढवायची आणि बटण दाबून वर न्यायची. पाळण्याच्या कडा आणि टायर यांच्यात जिम्नीला जागा उरते. थार चढते, पण उतरायला दार पुरतं उघडत नाही. गाडी बुक करण्याआधी शोरूमकडून टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट आपल्या पार्किंगमध्ये आणून उभी करा, असं मी प्रत्येकाला सांगते. मागचं दार दोन्ही गाड्यांचं बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते, म्हणून भिंतीपासून किती अंतर राहतं तेही तिथेच बघून घ्या.

आईचे गुडघे दुखतात. थारला मागे दारं नाहीत. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून शिरावं लागतं. त्यामुळे आई कायम पुढे, आणि वहिनी आणि भाचा मागे. जिम्नीत आई मागचं दार उघडून स्वतःच्या मनाने बसते, पाय पसरते, खिडकीतून बाहेर बघते. या एका गोष्टीपायी रविवारी जेवायला जायचं, दवाखान्यात जायचं, लग्नाला जायचं म्हटलं की घरातून हाक जिम्नीलाच येते. सामानाच्या बाबतीत मात्र जिम्नी कंजूष. चार माणसं बसल्यावर मागे उरते ती २०८ लिटर जागा, त्यात दोन सॅक आणि एक पाण्याचा कॅन. तंबू घेऊन जायचं तर तिघांनीच जावं.

रस्ता संपतो तिथली गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण या गाड्या त्यासाठी घ्यायच्या असतात. भर पावसात आम्ही रतनवाडीच्या पुढे एका वस्तीवर ओळखीच्या घरी निघालो होतो, दोन्ही गाड्या घेऊन. हा अभयारण्याचा मुलूख, त्यामुळे मळलेली वाट सोडायची नाही, हे आमचं ठरलेलं. वाट बैलगाडीची. एका जागी काळ्या खडकाची तिरकी पायरी होती, गुडघ्याच्या थोडी खाली, वरून पाणी वाहतंय. मी थांबून क्लच दाबला, दांडा फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या लो रेंजमध्ये टाकला, पहिला गिअर. डावं पुढचं चाक पायरीवर चढलं आणि मागचं एक चाक अलगद हवेत उचललं गेलं. ते नुसतं गरगर फिरायला लागलं. इथे घाबरून पाय काढायचा नसतो. अॅक्सिलरेटर आहे तसा स्थिर धरला की क्षणभराने खालून टरटर आवाज येतो: गाडी स्वतःच त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर त्याच अॅक्सलच्या दुसऱ्या, टेकलेल्या चाकाकडे जातो. तसंच झालं. जिम्नी एकदा अडली, टरटरली, आणि हळूच वर सरकली.

मागून थार आली. तिच्या मागच्या डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना) यांत्रिक लॉक आहे. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार जोरात फिरायला लागलं की ते आपोआप जुळतं. खट्ट असा एकच आवाज आला आणि ती तशीच, इंजिनाचा सूरही न बदलता, पायरी चढून गेली. बघताना माझ्या अंगावर काटा आला. ताकदीत आणि सहजतेत ती चढाई थारचीच होती, यात वाद नाही.

पण पुढे अर्ध्या किलोमीटरवर वाट एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला हिरड्याचं जुनं झाड यांच्यामधून जाते. जिम्नी गेली. थार दादाने झाडाअलीकडेच उभी केली आणि उरलेली वाट चालत आला. सह्याद्रीत मला हे वारंवार दिसलंय. आपल्याकडच्या वाटा बैलांच्या आणि माणसांच्या मापाच्या आहेत. त्यांच्यावर ताकद क्वचित कमी पडते, रुंदी मात्र हमखास आडवी येते. चिखलातही कमी वजनाचा फायदा होतो. जिम्नी जेमतेम १२०० किलोंची, थार तिच्याहून कितीतरी जड. जिम्नीचे १९५ मिलिमीटरचे अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतात आणि गाडी रुतत नाही.

समुद्राची वाळू हा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. काशीद, केळशी, आंजर्ले, कुठेही गाडी पुळणीवर नेऊ नका, कोणतीही असो. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळाससारख्या गावांनी ती घरटी वर्षानुवर्षं जपलीत. शिवाय खारं पाणी चॅसिसला खातं. गाडी गावातच लावा आणि किनाऱ्यापर्यंत पायी जा.

मुंबईच्या पाण्याचंही थोडं. थारला ६५० मिलिमीटरपर्यंतच्या पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते, आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की असे आकडे आठवून माणसाला जोर चढतो. तो चढू देऊ नये. शहराच्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल, हे वरून कळत नाही. पुढून बस गेली की लाट बॉनेटवर येते, हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं की मग खर्चाला अंत नाही. विमा घेताना इंजिन संरक्षणाचं जोडकलम घ्याच. पावसाळा सरला की दोन्ही अॅक्सलचं ऑइल तपासून घ्या. ते दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. आम्ही दोघांनी तपासून घेतलं, दोन्हीकडे ऑइल स्वच्छ निघालं.

भरवशाचं खरं कारण जिम्नीच्या बॉनेटखाली आहे. के१५बी हे इंजिन आधीच्या एर्टिगात, सियाझमध्ये, पहिल्या पेट्रोल ब्रेझात लाखो किलोमीटर घासून निघालंय. मुंबईत एर्टिगाची टॅक्सी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो त्याच्या सगळ्या खोडी तोंडपाठ सांगेल. टर्बो नाही, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नाही. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावरची लांब धाव लागते. दादा महिन्यातून एक-दोनदा कसाऱ्यापर्यंत जातोच, त्यामुळे त्याला त्याचा जाच नाही. पण ज्याची गाडी आठवडाभर एलबीएस मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते आणि रविवारी झाकून ठेवली जाते, त्याने डिझेल घेऊ नये. जिम्नीचं मायलेज कागदावर लिटरला १६.९४ किलोमीटर. मला मुंबईत बारा-तेरा मिळतं, नाशिक रस्त्यावर पंधराच्या पुढे. करातही फरक पडतो: महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४.

हायवेवर थारचंच पारडं जड. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून आमचा घोटीपर्यंतचा प्रवास फार सोपा झाला. त्या रस्त्यावर थार सहाव्या गिअरमध्ये निवांत असते. जिम्नीला पाचच गिअर, इंजिन फिरतं आणि ऐकू येतं. तिचं स्टिअरिंगही जुन्या रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचं. वळणावरून आपोआप सरळ होत नाही, हाताने परत आणावं लागतं. दगडांवर चाक आपटलं तरी हाताला झटका बसू नये म्हणून ते तसं असतं. सवय झाली की खटकत नाही, पण ज्याचं बहुतेक चालवणं हायवेवरच होतं त्याला ते कधीच आवडणार नाही. सुरक्षेचंही सांगते. थारला २०२० मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने मोठ्यांच्या आणि लहानांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे दिले. तीन दारांच्या जिम्नीला २०१८ मध्ये युरो एनकॅपकडून तीन मिळाले. दोन्ही चाचण्यांचे नियम वेगळे, त्यामुळे थेट तुलना होत नाही. आमच्याकडच्या जिम्नीला सहा एअरबॅग आहेत. मी ती शंभराच्या आतच चालवते आणि मागे बसणाऱ्यालाही पट्टा लावल्याशिवाय हलत नाही.

अजून एक, दोन्ही गाड्यांना लागू. कोरड्या डांबरावर फोर बाय फोरचा दांडा टाकून गाडी चालवू नका. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहतात आणि गिअरांवर पीळ बसतो. गाडीखालून कुरकुर ऐकू आली की लगेच टू एचवर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर या. चिखल, सैल माती, खडी, तिथेच ते वापरायचं.

तर थार कोणी घ्यावी? ज्याचं स्वतःचं मोकळं पार्किंग आहे, घरात सोबत येणारी माणसं दोनच आहेत, महिन्यातून दोनदा तरी घाट चढायचाय, आणि गाडीकडे बघून रोज सकाळी मन प्रसन्न व्हावं असं ज्याला वाटतं, त्याने. दादा नेमका तसा आहे आणि त्याची निवड त्याच्यासाठी अचूक आहे. मागे दारं हवीत म्हणून थार रॉक्सकडे वळणाऱ्यांनी ४४२८ मिलिमीटर लांबी आणि १८७० रुंदी आपल्या गल्लीत टेपने मोजून बघावी.

मी पुन्हा घेतली तर जिम्नीच घेईन, हीच मॅन्युअल. आता फक्त टायर बदलायचे आहेत. कंपनीचे रस्त्याचे टायर ओल्या गवतावर घसरू लागतात, म्हणून त्याच मापाचे ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या वाटेवरही पकड ठेवणारे, बघतेय. मोठ्या मापाचे बसवून द्यायला दुकानदार तयार असतात, पण १०५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते ओझं घाटात नको.