स्टोरीविव्हर वापरून बघितलं, ऑनलाईन शाळेत शिकणाऱ्या लेकीसाठी

माझी लेक नऊ वर्षांची, शाळा पूर्ण ऑनलाईन. अभ्यास व्यवस्थित चालतो पण वाचन म्हणजे स्क्रीनवरचा उतारा आणि लेखन म्हणजे पर्यायावर टिक, एवढंच उरलं होतं. आधी एक पैसे भरून घेतलेलं ॲप होतं, त्यात उताऱ्याखाली प्रश्न आणि बरोबर आले की स्टार, तर ही आधी प्रश्न बघायची, मग उत्तराचा शब्द तेवढा उताऱ्यात शोधायची आणि पुढे. गोष्ट काय होती विचारलं तर काहीच सांगता यायचं नाही. मला फार वाईट वाटायचं.

मग स्टोरीविव्हर सापडलं. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेली मुलांच्या चित्रगोष्टींची ऑनलाईन लायब्ररी आहे ही, पूर्ण फुकट, मराठीसकट ढीगभर भाषांत, आणि चार लेव्हल आहेत त्यामुळे मुलाला झेपेल ते निवडता येतं. रीडअलाँग म्हणून एक प्रकार आहे, आवाज ऐकू येतो आणि वाचला जाणारा शब्द रंगतो, अडखळत वाचणाऱ्या मुलांना त्याचा खूप आधार होतो.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. इथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन तुम्ही त्यांचं भाषांतर करू शकता, बदलू शकता, सोपी करून नव्या लेव्हलला नेऊ शकता, आणि साईटवरच त्याची सोय आहे. त्यामुळे वाचून झालं की "आता प्रश्न सोडव" म्हणायची गरजच पडत नाही, "आता तू यात काहीतरी कर" म्हणायचं.

आम्ही सुरुवात केली शब्दच नसलेल्या पुस्तकांपासून. नुसती चित्रं, प्रत्येक पानासाठी तिने एक वाक्य लिहायचं. पहिल्या दिवशी "मुलगी चालली आहे" असलंच सगळं, मग मी फक्त विचारत गेले, कुठे चाललीय, घाईत आहे का, मागे वळून का बघतेय, आणि वाक्यं आपोआप लांबली.

नंतर तिसऱ्या लेव्हलची गोष्ट धाकट्या भावासाठी पहिल्या लेव्हलची करायची. हे तर फारच भारी निघालं! कोणतं वाक्य काढलं तरी गोष्ट चालते आणि कोणतं काढलं की कोसळते हे तिला स्वतः ठरवावं लागलं, सारांश लिहा म्हणून कितीही डोकं फोडलं असतं तरी हे आलं नसतं. आणि भावाला वाचून दाखवताना तो मध्येच "का?" म्हणाला की तिला कळायचं, इथलं वाक्य उगाच काढलं.

भाषांतरही करतो, इंग्रजीतून मराठीत. पावसाच्या एका साध्या वाक्यावर अर्धा तास गेला, रिमझिम की मुसळधार की नुसता भुरभुर, चित्र परत परत बघून तिने भुरभुर निवडला कारण चित्रात कुणी छत्री उघडली नव्हती. इतकं बारकाईने तिने आधी कधी काही वाचलं नव्हतं.

वापरणार असाल तर दोन गोष्टी सांगते. इथे कुणीही गोष्ट लिहून टाकू शकतं, म्हणून मुलाला देण्याआधी आपण एकदा वाचून घ्यायची. आणि लिखाण आधी वहीत, हाताने. लहान मुलांना देवनागरी टाईप करायला वेळ लागतो, जोडाक्षर शोधेपर्यंत डोक्यातलं वाक्य निसटतं, शिवाय दिवसभर स्क्रीन झालेलीच असते त्यामुळे डोळ्यांनाही आराम. आम्ही आठवड्यातून तीनच दिवस करतो, अर्धा-पाऊण तास, आणि चुका त्याच दिवशी दुरुस्त करत नाही, दुसऱ्या दिवशी तिलाच मोठ्याने वाचायला लावते, निम्म्या तिच्या तिलाच सापडतात.

वहीत प्रत्येक गोष्टीच्या वर मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव लिहायचं हा नियम आहे, आणि परवापासून त्याच्याखाली "मराठीत आणणारी" असं लिहून ती स्वतःचंही नाव घालायला लागलीय.